पाळणा लांबवणे पाप आहे काय?

वैवाहिक जीवनातील संततिनियमनाविषयी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरांतून या सदराकडे पत्रे आली आहेत. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांपैकी चार पत्रांचा आशय येथे दिला आहे. मी धर्मगुरू नाही. विवाहपूर्व शिबिरांत शिकवणारी एक विवाहित स्त्री आहे. त्यामुळे ख्रिस्तसभेची शिकवण जशी आहे तशी सांगणे आणि जेथे माझे स्वतःचे मत आहे तेथे ते माझे म्हणून सांगणे, एवढी शिस्त मी पाळणार आहे.

प्रश्न: आम्ही वसई तालुक्यातील कॅथलिक आहोत. माझी दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. तिसरे जिवावर बेतू शकते, असे सांगून डॉक्टरांनी तांबी बसवण्याचा किंवा ऑपरेशन करून घेण्याचा सल्ला दिला आहे. विवाहपूर्व शिबिरात मात्र ही साधने निषिद्ध आहेत, असे आम्हांला शिकवले होते. माझी नणंद अहिल्यानगरच्या एका प्रॉटेस्टंट घरात दिली आहे आणि तिच्या पाळकांना यात काहीच वावगे वाटत नाही. ख्रिस्त एक, पवित्र शास्त्र एक, मग एकीकडे पाप आणि दुसरीकडे पुण्य असे कसे?

उत्तर: आपल्या प्रश्नातील शेवटचा भाग आधी घेते, कारण तो समजल्याशिवाय पहिल्या भागाचे उत्तर अन्यायाचे वाटेल. हा मतभेद शंभर वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हता. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी विवाहाची संतती, निष्ठा आणि संस्कार अशी तीन श्रेये सांगितली. तेव्हापासून संबंध ठेवायचा पण मूल होऊ द्यायचे नाही, अशा प्रयत्नाला पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील सर्व ख्रिस्ती परंपरांनी दोष दिला. मार्टिन ल्यूथर आणि जॉन कॅल्व्हिन यांनी रोमशी अनेक बाबतींत फारकत घेतली, पण या बाबतीत घेतली नाही. मूल होऊ नये म्हणून वीर्य भुईवर सांडणाऱ्या, पवित्र शास्त्रातील ओनानाच्या कृत्याचा दोघांनीही कडक शब्दांत निषेध केला आहे. जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील, बिशपांची परिषद तेव्हा लंडनमध्ये लॅम्बेथ येथे भरत असे. तिने १९०८ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये कृत्रिम साधनांविरुद्ध ठराव केले होते.

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण यासाठी फार बोलके आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. हे कॉलेज स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे होते. कर्वे यांनी आपले विचार जाहीरपणे मांडणे सोडले नाही, म्हणून १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. ज्या प्रॉटेस्टंट परंपरेत आज आपल्या नणंदेच्या पाळकांना काही वावगे वाटत नाही, त्याच परंपरेत तेव्हा एका सच्च्या माणसाची उपजीविका गेली. यावरून सर्व निर्णय पोकळ ठरतात, असे मी म्हणत नाही. मात्र दुसऱ्या परंपरेला सैल आणि आपल्याला घट्ट समजण्याची घाई दोन्ही बाजूंनी करू नये.

वळण आले ते १९३० मध्ये. त्या वर्षीच्या लॅम्बेथ परिषदेने १९३ विरुद्ध ६७ मतांनी पंधरावा ठराव संमत केला. मातृत्व-पितृत्व मर्यादित ठेवण्याचे नैतिक कर्तव्य स्पष्टपणे जाणवत असेल, तर प्रथम संयमाचा मार्ग धरावा. पूर्ण संयम न पाळण्यासाठी तितकेच नैतिक कारण असेल, तर इतर साधने वापरता येतील, असे तो ठराव सांगतो. त्याच ठरावात स्वार्थ, चैन किंवा केवळ सोय यांसाठी साधने वापरण्याचा निषेधही केला आहे. पुढे लोकांनी परवानगी लक्षात ठेवली आणि हा निषेध विसरून गेले. १९५८ च्या परिषदेने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि मुलांची संख्या व त्यांच्यातील अंतर ठरवण्याची जबाबदारी परमेश्वराने आईवडिलांच्या विवेकबुद्धीवर सोपवली आहे, असे म्हटले. इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा प्रवासही साधारण याच दिशेने झाला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या १९७० मध्ये एकत्र आलेल्या मंडळीत अँग्लिकन परंपराही सामील आहे, हे लक्षात घेतले म्हणजे महाराष्ट्रातल्या पाळकांची भूमिका कोठून आली ते कळते.

रोममध्ये याच काळात दुसरी वाट धरली गेली. पोप अकरावे पायस यांनी १९३० सालच्या ३१ डिसेंबरला विश्वपत्र, म्हणजे सर्व ख्रिस्तसभेला उद्देशून अधिकृत पत्र, काढून जुनी शिकवण ठामपणे पुन्हा सांगितली. परंतु तीही जागच्या जागी थांबली नाही. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात स्त्रीच्या पाळीतील गर्भधारणेचे दिवस कोणते असतात, हे शोधून काढले होते. या ज्ञानाच्या आधारे, गंभीर कारण असल्यास केवळ वांझ दिवसांत संबंध ठेवण्यास हरकत नाही, असे बाराव्या पायस यांनी १९५१ मध्ये इटलीतील सुइणींसमोर केलेल्या भाषणात स्पष्ट सांगितले. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये अभ्यासगट नेमला आणि सहावे पॉल यांनी तो वाढवून त्यात विवाहित जोडप्यांनाही बसवले. १९६६ मध्ये त्या गटाच्या बहुसंख्य सदस्यांनी शिकवणीत बदल करावा, असे मत दिले. पोपमहोदयांनी ते स्वीकारले नाही. २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या विश्वपत्रात त्यांनी सांगितले की, वैवाहिक संबंधाला पतिपत्नीचे ऐक्य आणि नव्या जीवनाला मोकळीक असे दोन अर्थ आहेत आणि माणसाने आपल्या हाताने त्यांची ताटातूट करू नये. कॅथलिक ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आजही हीच आहे. ती मवाळ करून सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही.

ही शिकवण जे सांगत नाही, तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या गावांत ते फार चुकीचे समजले गेले आहे. शक्य तितकी मुले होऊ द्यावीत, असे ती सांगत नाही. शारीरिक, आर्थिक, मानसिक आणि सामाजिक परिस्थितीचा विचार करून काही काळ किंवा अनिश्चित काळ पुढचे मूल न होऊ देण्याचा निर्णय जबाबदार आईवडील घेऊ शकतात, असे याच विश्वपत्रात आहे, आणि हा निर्णय परमेश्वरासमोर खुद्द आईवडिलांनीच घ्यायचा असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटले आहे. पोप फ्रान्सिस जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानातील पत्रकारांशी बोलले, तेव्हा त्यांनीही जबाबदार पालकत्वावरच भर दिला होता. त्यांनी ज्या स्त्रीचे उदाहरण दिले, ती सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर होती आणि हा बेजबाबदारपणा आहे, असे त्यांनी उघडपणे म्हटले. तेव्हा तिसरे मूल नको, हा आपला हेतू धर्माविरुद्ध आहे, असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

आता साधनांचा प्रश्न. आपल्यासारख्या परिस्थितीवर रोमने नेमके उत्तर दिलेले आहे. वारंवार सिझेरियन झाल्यामुळे पुढच्या गर्भारपणात गर्भाशयाला धोका संभवतो, एवढ्याच कारणासाठी गर्भनलिका बांधणे म्हणजे थेट नसबंदीच होय आणि ती योग्य नाही, असे व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्वविषयक विभागाने १९९३ मध्ये म्हटले. गर्भाशयच आज, या घडीला, आईच्या जिवाला घातक झालेले असेल, तर ते काढणे हा मात्र उपचार ठरतो आणि त्यास हरकत नाही. गर्भाशय गर्भ टिकवण्यास कायमचे असमर्थ असल्याचे तज्ज्ञांना निश्चितपणे वाटत असेल, तर ते काढता येईल, अशी भर त्याच विभागाने पुढे २०१९ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या उत्तरात घातली. या उत्तरांतील भेद बाहेरच्या माणसाला केसाइतके बारीक वाटतील. परंतु त्यांच्यामुळे आपल्यासमोर एक व्यावहारिक काम उभे राहते. ‘जिवावर बेतेल’ एवढ्या वाक्यावर थांबू नका. जुन्या टाक्यांची जागा किती पातळ झाली आहे, मागच्या वेळी वार कोठे चिकटली होती, शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना काय दिसले, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. दोन सिझेरियननंतर प्रत्येकीलाच तिसरे बाळंतपण सारखे धोक्याचे नसते, आणि काहींना ते खरोखरच फार धोक्याचे असते. धोका किती मोठा आहे ते कळल्याशिवाय विवेकाने निर्णय घेता येत नाही.

विवेक म्हणजे मनाला येईल ते करण्याची मुभा, असे मी समजत नाही. शिकवण ऐकून, प्रार्थना करून, जाणत्या धर्मगुरूंशी बोलून जो निर्णय मनात पक्का होतो, त्याला विवेकाचा निर्णय म्हणतात. १९६८ मध्ये विश्वपत्रानंतर जर्मनीच्या आणि कॅनडाच्या बिशपांनी, प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ज्या जोडप्यांना ही शिकवण पाळता येत नाही, त्यांना ख्रिस्तसभेबाहेर पडल्यासारखे वाटू नये, अशी भूमिका घेतली होती. तिच्यावर पुष्कळ टीका झाली आणि आजही होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये वेगळ्या शब्दांत सांगितले की, नियम पायरीपायरीने सौम्य होत नाही, पण माणूस मात्र त्याच्याकडे पायरीपायरीनेच चालत जातो. १९९७ मध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी जी मार्गदर्शिका निघाली, तिच्यातही जोडप्यांशी धीराने आणि दयेने वागावे, असा आग्रह आहे.

एक गोष्ट मला खटकली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आपले पत्र दोन पानी आहे. डॉक्टर काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या, नणंद काय म्हणाली, हे सर्व त्यात आहे. पती काय म्हणतात, ते कोठेही नाही. संयम पाळायचा असो की तांबी बसवायची असो, हा निर्णय त्यांच्याशिवाय होऊ शकत नाही. त्यांना घेऊन आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंकडे जा, आणि डॉक्टरांकडेही दोघांनी जा.

प्रश्न: मी पुण्यातील एका प्रॉटेस्टंट मंडळीचा सभासद आहे. नुकत्याच झालेल्या संजीवन सभेत एका उपदेशकांनी सांगितले की, ओनानाला परमेश्वराने ठार केले ते संततिनियमनासाठी. आणि तांबी, गोळी वगैरे सर्व साधने म्हणजे गर्भपातच होय. माझी पत्नी तेव्हापासून अस्वस्थ आहे. हे खरे आहे काय?

उत्तर: उपदेशकांनी दोन निराळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, त्या सुट्या करून पाहू.

उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात यहूदाचा थोरला मुलगा एर मरण पावतो. मृत भावाचा वंश चालावा म्हणून धाकट्या ओनानाने वहिनी तामार हिच्याशी संबंध ठेवावा, असे यहूदा सांगतो. होणारे मूल आपले म्हटले जाणार नाही, हे ओळखून ओनान दर वेळी वीर्य भुईवर सांडतो, आणि ते परमेश्वराला वाईट वाटते. प्राचीन भाष्यकारांनी दोष त्या कृतीत पाहिला. आजचे बहुतेक अभ्यासक तो तामारेच्या फसवणुकीत पाहतात: तिचा देह घ्यायचा, भावाच्या वाट्याची जमीनजुमला आपल्याकडे राहू द्यायची आणि विधवेला निराधार ठेवायचे. जुन्या मताच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो टाळू नये. अनुवादाच्या २५ व्या अध्यायात भावाचा वंश चालवण्यास नकार देणाऱ्याला मृत्यूची शिक्षा नाही. चारचौघांत त्याच्या पायातला जोडा काढून त्याची नाचक्की करायची, एवढीच आहे. मग ओनानाला मरण का, असे जुने भाष्यकार विचारतात. माझ्या मते, नकार देणारा निदान उघडपणे नकार देतो. ओनानाने होकाराचा देखावा करून एका असहाय स्त्रीला पुन्हा पुन्हा लुबाडले, हा फरक पुरेसा मोठा आहे. काही असले, तरी परस्परसंमतीने दोन मुलांत अंतर ठेवणारे पतिपत्नी त्या कथेत कोठेही नाहीत. पतिपत्नींनी एकमेकांना वंचित करू नये, आणि दूर राहायचेच तर दोघांच्या संमतीने व ठरावीक काळापुरते राहावे, हे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातील वचन आपल्या परिस्थितीला अधिक लागू पडते.

गर्भपाताचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो साधनागणिक वेगळा आहे. निरोध, तसेच स्त्री किंवा पुरुष नसबंदी, यांत बीज आणि बीजांड एकत्रच येत नाहीत, त्यामुळे तेथे गर्भपाताचा प्रश्नच उद्भवत नाही. माला-डी किंवा माला-एन यांसारख्या गोळ्या मुख्यतः बीजांड बाहेर पडू देत नाहीत. तांबीतील तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, आणि तिचे प्रमुख कार्य फलनापूर्वीच होते, हे आता चांगले प्रस्थापित झाले आहे. क्वचित फलन झालेच, तर ते रुजण्यात तांबी अडथळा आणत असावी, एवढ्या शक्यतेसाठी काही ख्रिस्ती जोडपी ती टाळतात, आणि त्यांच्या संकोचाचा मी आदर करते. लखनौच्या औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आणि सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ या नावाने मिळणारी आठवड्याची गोळी याहून वेगळी आहे. तिच्यात संप्रेरके नाहीत, म्हणून ती सौम्य समजली जाते. परंतु ती बीजांड रोखत नाही, तर गर्भाशयाच्या अस्तराची लय बिघडवून फलित बीजांडाला रुजू देत नाही, असे तिचे कार्य सांगितले जाते. जीवनाचा आरंभ फलनापासून होतो, असे जे मानतात, त्यांनी आशाताईंकडून ही गोळी घेण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे.

गर्भ नष्ट करणारी साधने आणि गर्भधारणाच टाळणारी साधने यांतला हा भेद रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने २००० साली स्वीकारलेल्या सामाजिक भूमिकेतही स्पष्टपणे केला आहे. पहिल्या प्रकाराचा निषेध आणि दुसऱ्याबाबत पतिपत्नींची जबाबदारी, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या पत्नीला हा भेद समजावून सांगा, आणि कोणते साधन वापरता ते पाहून दोघे मिळून ठरवा. सर्व साधने गर्भपातच होत, हे विधान वैद्यकीयदृष्ट्या खरे नाही; आणि व्यासपीठावरून असत्य सांगून कोणाचे मन धर्माकडे वळवता येत नाही.

प्रश्न: मी कॅथलिक आहे, वय पंचावन्न. तिसऱ्या बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात माझे ऑपरेशन करण्यात आले. मला कोणी विचारले नाही. सासूबाईंनी आणि यजमानांनी ठरवले आणि मी अंगठा दिला. ते पाप होते, हे पुष्कळ वर्षांनी प्रवचनात ऐकले. तेव्हापासून मी मिस्साला जाते, पण कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेत नाही. ऑपरेशन उलटवता येण्याचे वयही आता राहिले नाही.

उत्तर: आपण इतकी वर्षे एकटीने हे ओझे वाहिलेत, याचे मला फार वाईट वाटले. ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे गंभीर पाप होण्यासाठी गंभीर कृत्याबरोबर पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. आपल्याला जाणीव नव्हती आणि आपली संमती कोणी घेतली नाही. येत्या शनिवारी पापनिवेदनाला जा, पत्रात लिहिले तेवढेच फादरांना सांगा आणि रविवारी कम्युनियन घ्या. शस्त्रक्रिया उलटवून घेणे ही क्षमेची अट नाही, आणि मूल होण्याचे वय उलटल्यामुळे वैवाहिक जीवनात काही उणे येत नाही.

आपल्या पत्रामुळे एक कटू सत्य मात्र समोर येते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया छोटी आहे, पोट उघडावे लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. शिबिरात येणाऱ्या बायका सांगतात की, बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी, मांडीवर मूल आणि अंगात कणकण असताना, कागद समोर येतो. यजमान वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले असतात. त्या दोघांत याविषयी आधी कधी बोलणे झालेलेच नसते. ‘ह्युमाने व्हिटे’ने सरकारे संततिनियमनाची साधने लोकांवर लादतील, असा इशारा १९६८ मध्ये दिला होता, आणि आणीबाणीत आपल्या देशाने तो खरा होताना पाहिला, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते, ते अमलात आले नाही, हे आपले सुदैव. परंतु सक्ती करण्यासाठी सरकारच लागते असे नाही. घरातल्या घरात झालेली सक्तीही सक्तीच असते, आणि आपल्या व्यासपीठांवरून पत्नीच्या ऑपरेशनाबद्दल जितके बोलले जाते, तितके पतीच्या या अन्यायाबद्दल बोलले जात नाही. आपल्या यजमानांना हा अंक वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न: आमचे लग्न चार महिन्यांवर आले आहे. दोघेही नोकरी करतो आणि घराचे कर्ज फिटेपर्यंत, निदान दोन-तीन वर्षे, मूल नको असे वाटते. कधी कधी मूल नकोच, असेही वाटते. शिबिरात नैसर्गिक पद्धत सांगितली गेली. हेतू मूल टाळण्याचाच असेल, तर दिवस मोजून टाळले काय आणि निरोध वापरून टाळले काय, फरक कोठे आहे?

उत्तर: हा आक्षेप हुशारीचा आहे आणि प्रॉटेस्टंट अभ्यासकांनी तो अनेकदा घेतला आहे. कॅथलिक उत्तर असे आहे की, हेतू एकच असला तरी कृती एक नाही. निरोध वापरणारे जोडपे संबंध ठेवते आणि त्याच वेळी त्यातील सृजनशक्ती बाजूला काढते. संयम पाळणारे जोडपे त्या दिवशी संबंधच ठेवत नाही, आणि ज्या दिवशी ठेवते त्या दिवशी त्यातून काहीही वगळत नाही. मला स्वतःला हे उत्तर पटते. मात्र एवढ्या एका युक्तिवादावर सर्वांचे समाधान होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. नैसर्गिक पद्धतही स्वार्थासाठी वापरता येते, हे तर ख्रिस्तसभाच सांगते. योग्य कारण असावे, ही अट तिलाही लागू आहे. घराच्या कर्जाचे ओझे हे योग्य कारण असू शकते. ते आपल्याबाबत आहे का, हे आपण दोघांनीच परमेश्वरासमोर ठरवायचे आहे.

‘मूल नकोच’ हा विचार मात्र लग्नाच्या आत सुटला पाहिजे. कॅथलिक विवाहविधीत परमेश्वराकडून येणारी मुले प्रेमाने स्वीकाराल का, असा प्रश्न वधूवरांना विचारला जातो. कायमचे मूल नाकारण्याचा पक्का निश्चय मनात ठेवून त्याला होकार दिला, तर धर्मनियमांच्या दृष्टीने तो विवाहच वैध ठरत नाही. लांबवणे आणि नाकारणे यांत एवढे अंतर आहे. आपल्यापैकी एकाच्या मनात हा विचार असेल आणि दुसऱ्याला तो माहीत नसेल, तर आजच बोला.

पद्धतीविषयी व्यवहाराचे थोडे लिहिते, कारण शिबिरातल्या अर्ध्या तासात ते नीट सांगून होत नाही. जुनी, केवळ कॅलेंडरवर दिवस मोजण्याची रीत विश्वासाची नाही. प्रवास, आजार, जागरण यांनी पाळी पुढेमागे होते आणि हिशेब चुकतो. मेलबर्नचे डॉक्टर दांपत्य जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज यांनी विकसित केलेली पद्धत स्रावाच्या निरीक्षणावर उभी आहे. पाळीनंतर काही दिवस कोरडेपणा असतो, मग चिकट स्राव येतो, आणि बीजांड बाहेर पडण्याच्या सुमारास तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, निसरडा होतो. बीजांड एक दिवसच जगते, पण शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणून संयमाचा काळ त्या एका दिवसापुरता नसतो. याला तापमानाची जोड दिली, तर खात्री वाढते. सकाळी डोळे उघडल्यावर, उठून बसण्यापूर्वी, चहापाण्यापूर्वी, रोज एकाच वेळी तापमान घ्यायचे. बीजांड बाहेर पडल्यानंतर ते साधारण अर्धा अंश फॅरनहाइटने चढते आणि पुढच्या पाळीपर्यंत चढलेलेच राहते. यासाठी दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत आकडा दाखवणारा थर्मामीटर घ्यावा, कारण तापासाठी घरात असतो त्यावर हा फरक नीट दिसत नाही.

ही पद्धत कितपत भरवशाची, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने बिलिंग्ज पद्धतीची जी चाचणी पाच देशांत घेतली, तिच्यात आपले बंगळूरही होते. १९८१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्राव ओळखणे बहुतेक सर्व स्त्रियांना जमले, कमी शिकलेल्यांनाही. नियम काटेकोर पाळले, तेव्हा वर्षाला शंभरातील सुमारे तीन जणींना दिवस गेले. प्रत्यक्षात मात्र हे प्रमाण वीसच्या वर गेले, आणि त्यातील बहुतेक वेळा नियम माहीत असून मोडलेला होता. याचा अर्थ, ही पद्धत चालते की नाही, हे पत्नीच्या ज्ञानावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक पतीच्या संयमावर आहे. पती दारू पिऊन येतो, किंवा ‘आजचा दिवस चालून जाईल’ म्हणतो, अशा घरात ही पद्धत बायकोच्या गळ्यात बांधणे मला निष्ठुरपणाचे वाटते. उलट, जी जोडपी ती निभावून नेतात, ती सांगतात की त्या दहा-बारा दिवसांत आमचे बोलणे वाढले. पाळी अनियमित असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळंतपणानंतर पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजले आणि पाळी सुरू झाली नसेल, तर गर्भधारणेची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते, हेही पुढे उपयोगी पडेल.

आजपासून नोंदी सुरू केल्या, तर लग्नापूर्वी तीन किंवा चार पाळ्यांचा तक्ता आपल्या हाती असेल. तो घेऊन आपल्या धर्मप्रांताच्या कुटुंबसेवा केंद्रातील प्रशिक्षित जोडप्याला दोघांनी मिळून भेटा. आणि लग्नानंतर रोजचा आकडा वहीत लिहिण्याचे काम पतीने आपल्याकडे घ्यावे. तापमान पत्नी घेईल, लिहील तो.